वाचक विचारतात: 'इट्स ओके टू नॉट बी ओके' पाहिल्यावर पडलेले प्रश्न

कोरियन मालिकांमधल्या मानसिक आजारांच्या चित्रणाबद्दल आम्ही प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रं एकाच मालिकेवर आली, म्हणून हे सदर पूर्ण तिलाच दिलं आहे. उत्तरांमध्ये कथेतली रहस्यं उघड झाली आहेत. ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी पहिलं उत्तर वाचून थांबावं.

प्रश्न: सगळे कौतुक करतात म्हणून बसले, पण दोन भागांत सोडून दिली. नायिका हॉटेलातली सुरी पर्समध्ये टाकते, लहान मुलीला घाबरवते, आणि ही म्हणे प्रेमकथा! पुढे पाहण्यासारखं काही आहे का?

आहे, आणि तुम्हाला खटकलं ते लेखिकेने मुद्दाम तसं ठेवलं आहे. ही मालिका 20 जून ते 9 ऑगस्ट 2020 या काळात टीव्हीएन वाहिनीवर शनिवार-रविवारी लागायची आणि त्याच वेळी नेटफ्लिक्सवरही येत होती. एकूण 16 भाग, प्रत्येक भाग साधारण सव्वा तासाचा. लेखन जो योंग यांचं, दिग्दर्शन पार्क शिन-वू यांचं. किम सू-ह्युन मनोरुग्णालयात परिचारकाचं काम करणारा मून गांग-टे झाला आहे. लष्करी सेवेनंतरची ही त्याची पहिली पूर्ण मालिका. सिओ ये-जी ही बालकथा लिहिणारी को मून-यंग, आणि ओ जंग-से हा गांग-टेचा स्वमग्न मोठा भाऊ सांग-टे.

पहिल्या दोन भागांत मून-यंगचं फक्त वागणं दिसतं, त्यामागचं कारण दिसत नाही. चौथ्या भागापर्यंत थांबा. तोवर तिचं घर, तिचा बाप आणि तिचं बालपण तुमच्यासमोर आलेलं असेल. प्रत्येक भागाला एका परीकथेचं किंवा तिच्याच एखाद्या गोष्टीचं नाव आहे, आणि ती गोष्ट त्या भागाची किल्ली असते. लाल बुटांची मुलगी, निळ्या दाढीचा उमराव, कुरूप बदक या कथा आठवत असतील तर निम्मं काम झालं.

एक सूचना मात्र मनापासून. पहिल्याच भागात एक रुग्ण आहे, ज्याने आपल्या लहान मुलीसह मरण्याचा प्रयत्न केला होता. पुढे बापाने मुलीचा गळा दाबणं, आईचा खून, लहान मुलांचा छळ हे सगळं येतं. घरात नुकतीच आत्महत्या किंवा तसा प्रयत्न झाला असेल, तर ही मालिका सध्या बाजूला ठेवा. बाकीच्यांनीही एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत, आणि झोपण्यापूर्वी तर नकोच.

प्रश्न: मून-यंगला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आहे असं मालिकेत म्हटलं जातं. मग ती प्रेमात पडून बदलते कशी? हा विकार प्रेमाने बरा होतो का?

होत नाही. आणि मुळात मून-यंगला ते निदान नीट लागू पडत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान करण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. वय किमान 18 हवं. वर्तन विकाराची लक्षणं वयाच्या 15 वर्षांआधी सुरू झालेली असावीत: सतत मारामाऱ्या, चोऱ्या, प्राण्यांना क्रूर वागणूक, घरातून पळून जाणं असं. आणि मोठेपणी लोकांना फसवणं, आवेगाने वागणं, जबाबदारी झटकणं, दुसऱ्याला इजा करूनही पश्चात्ताप न होणं, हे आयुष्याच्या बहुतेक भागांत सातत्याने दिसायला हवं. लहानपणी मून-यंग फुलपाखराचे पंख उपटते ते दृश्य आठवून अनेक प्रेक्षक 'बघा, लक्षण!' म्हणतात. एका दृश्यावरून निदान होत नसतं.

पडद्यावर दिसतं ते असं. आईने मुलीला जगापासून तोडून एका वाड्यात वाढवलं. मैत्रीण करू दिली नाही. केसांपासून कपड्यांपर्यंत सगळं स्वतःच्या मर्जीने ठरवलं आणि 'तू म्हणजे मीच' हे तिच्या मनात ठसवलं. अशा मुलीला आपल्या भावनांना नाव देता येत नाही. तिला एकतर हवंसं वाटतं, नाहीतर राग येतो. मधल्या छटा ती शिकलेलीच नसते. सातव्या भागात ती स्वतःचे लांब केस कापते तो प्रसंग म्हणूनच इतका मोठा आहे. पण हा बालपणीच्या दीर्घ आघाताचा परिणाम आहे. दुसऱ्याच्या वेदनेची पर्वाच नसणं ही वेगळी गोष्ट. पर्वा नसती तर सांग-टेचे केस ओढणाऱ्या माणसावर ती धावून गेली नसती.

प्रेमाने काय होतं, तर एक सुरक्षित माणूस मिळतो. उपचारांना टिकून राहायला त्याने मदत होते, आणि ती लहान मदत नाही. पण उपचार स्वतंत्रपणे लागतातच. भावना आवरता न येणं आणि स्वतःला इजा करणं यांसाठी वापरली जाणारी द्वंद्वात्मक वर्तन उपचारपद्धती घ्या: आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, शिवाय कौशल्यं शिकवणारं एक गटसत्र, आणि असं साधारण वर्षभर. मालिकेत मून-यंग रुग्णालयात साहित्याचा वर्ग घेते, संचालक ओ जी-वांग यांच्याशी गप्पा मारते, पण रीतसर थेरपी घेताना ती दिसत नाही. ही मालिकेची खरी उणीव आहे. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात सगळं श्रेय गांग-टेकडे जातं, आणि कुणातरी खऱ्या गांग-टेला वाटू लागतं की समोरचं माणूस बरं झालं नाही तर दोष आपलाच.

प्रश्न: गांग-टे तिला दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन थोपटायला शिकवतो. ती 'फुलपाखरू मिठी' खरी आहे का? कशी करायची?

खरी आहे. मेक्सिकोतल्या अकापुल्को शहराला 1997 मध्ये पॉलीन चक्रीवादळाचा तडाखा बसला. तिथल्या वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्टिगास यांनी ती 1998 मध्ये वापरात आणली. फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून विकसित केलेल्या ईएमडीआर या आघातोपचाराच्या कुटुंबातलीच ही पद्धत. डोळ्यांच्या डाव्या-उजव्या हालचालींऐवजी इथे आळीपाळीने थोपटणं असतं.

खुर्चीत बसा, दोन्ही तळवे जमिनीला टेकू द्या. आत्ता अस्वस्थता शून्य ते दहामध्ये किती आहे, तो आकडा मनात ठरवा. हात छातीवर आडवे घ्या. प्रत्येक हाताच्या मधल्या बोटाचं टोक विरुद्ध बाजूच्या गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली आलं पाहिजे. बोटं मानेच्या दिशेला असावीत, बाहेर खांद्याकडे नकोत. अंगठे एकमेकांत अडकवले की हातांचं फुलपाखरू होतं. डोळे मिटा किंवा अर्धवट उघडे ठेवून नजर नाकाच्या शेंड्यावर आणा. आता एक हात, मग दुसरा, असं हलक्या हाताने थोपटा. चालताना पावलं पडतात त्या चालीने, त्याहून वेगाने नाही. श्वास पोटातून घ्या. आत घेताना मनात चार आणि सोडताना सहा मोजले तर लय सापडते. मनात जे येईल ते येऊ द्या, त्याच्याशी वाद घालू नका. आठ-दहा श्वासांनंतर थांबा आणि आकडा पुन्हा पाहा. उतरला असेल तर आणखी एक फेरी करा.

चुकतं ते बहुतेक वेळा वेगामुळे. घाबरलेला माणूस भराभर थोपटतो, त्याबरोबर श्वासही भराभर होतो, आणि मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी थोपटणं सोडून आधी फक्त श्वास सोडण्याची वेळ लांबवा. दुसरी चूक दोन्ही हात एकदम मारण्याची. आळीपाळी हाच तिचा गाभा आहे. डोळे मिटल्यावर नको ती दृश्यं येत असतील तर डोळे उघडा आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुना आघात मुद्दाम उकरून काढायला ही मिठी एकट्याने वापरू नका. ते काम प्रशिक्षित तज्ज्ञासोबतच व्हायला हवं. एकट्याने ती फक्त आत्ताची लाट ओसरेपर्यंत तग धरायला वापरावी.

मालिकेत गांग-टे मून-यंगच्या पाठीमागे उभा राहून तिचे हात धरून दाखवतो. दृश्य सुंदर आहे, पण घाबरलेल्या माणसाच्या मागून जाऊन त्याला धरणं धोक्याचं असतं. समोर बसा, स्वतः करून दाखवा, समोरच्याला वाटलं तर तो करेल.

प्रश्न: माझा पुतण्या स्वमग्न आहे, वय 14. गोंगाटात तो सांग-टेसारखाच कोलमडतो. मालिकेत डोक्यावर कपडा टाकतात. तसं करावं का?

कपडा टाकण्याचा उत्तम प्रसंग सांग-टेच्याच हातून घडतो. गान पिल-ओंग हा वृद्ध रुग्ण व्हिएतनाम युद्धात लढून आलेला आहे. दक्षिण कोरियाने 1964 ते 1973 या काळात तिथे तीन लाखांहून अधिक सैनिक पाठवले होते. बांधकामाच्या आवाजाने त्याला युद्धभूमी आठवते आणि तो थरथरू लागतो. बसमधले बाकीचे लोक बघत राहतात. सांग-टे आपलं जाकीट त्याच्या डोक्यावर घालतो आणि थोपटत राहतो. लहानपणापासून त्याला स्वतःला ज्याने बरं वाटलं, तेच तो करतो. संपूर्ण मालिकेत आघातासाठी केलेली सर्वांत अचूक प्रथमोपचाराची कृती हीच आहे: संवेदनांचा मारा कमी करणं.

पण सगळ्यांना डोक्यावर कपडा चालतो असं नाही. काहींना घट्ट दाब आवडतो, काहींना कापडाचा स्पर्शही सहन होत नाही. हे पुतण्याला शांत असताना विचारा. बोलून सांगता येत नसेल तर चित्रं दाखवा: टोपी, पांघरूण, हेडफोन, रिकामी खोली. त्याने निवडलेली वस्तू पिशवीत कायम ठेवा.

कोलमडणं सुरू झालं की आधी आवाज आणि उजेड कमी करा, किंवा त्याला तिथून बाहेर न्या. बघे हटवा. बोलणारा माणूस एकच असावा, वाक्यं दोन-तीन शब्दांची: 'मी इथे आहे', 'बाहेर जाऊ'. 'काय झालं, सांग ना' हा प्रश्न त्या क्षणी विचारू नका. त्याला तेव्हा उत्तर जुळवता येत नाही, आणि प्रश्न हा आणखी एक आवाज ठरतो. नजरेला नजर द्यायला लावू नका. जमिनीवर पालथं दाबून धरणं कधीही करू नका, त्याने श्वास कोंडतो. कपडा टाकलात तरी नाक-तोंड मोकळं राहील हे पाहा. रडणं थांबलं म्हणजे संपलं असं नसतं. त्यानंतर अर्धा तास तरी कुठलीही मागणी नको, ओरडणं तर नकोच. हट्ट करणारं मूल आपल्याकडे कोण बघतंय ते अधूनमधून पाहतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. कोलमडलेल्या मुलाला बघे दिसतच नाहीत, आणि वस्तू हातात दिली तरी ते थांबत नाही.

महिनाभर एका वहीत टिपा ठेवा: वेळ, जागा, आधीच्या तासाभरात काय झालं, जेवण झालं होतं का, आदल्या रात्री झोप किती होती, ठरलेल्यात काही बदल झाला का. बहुतेक घरांत तीन-चार नेमकी कारणं सापडतात, आणि निम्मी टाळता येतात.

सांग-टेला आणखी एक त्रास आहे, तो स्वमग्नतेचा भाग नाही. त्याने आईचा खून पाहिला आणि खुनी बाईच्या अंगावर फुलपाखराचा ब्रूच होता, म्हणून त्याला फुलपाखरांची दहशत बसली. स्वप्नात फुलपाखरं येऊ लागली की दोघे भाऊ गाव बदलतात, दरवर्षी. भीतीपासून पळत राहिलं की मेंदूला 'इथे धोका नाही' हे शिकायची संधीच मिळत नाही आणि भीती तेवढीच ताजी राहते. संचालक ओ त्याला रुग्णालयाच्या भिंतीवर मोठं चित्र काढायला देतात आणि तो तयार झाल्यावर त्यात फुलपाखरं काढायला सुचवतात. प्रत्यक्ष उपचारांत हेच पायऱ्यांनी होतं: आधी नुसता शब्द, मग साधं रेखाचित्र, रंगीत चित्र, छायाचित्र, चित्रफीत, शेवटी खरं फुलपाखरू. एका पायरीवरची अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत पुढची पायरी नाही. खुनी बाई तेच ब्रूचवालं फुलपाखरू त्या भिंतीवर काढून जाते तेव्हा सांग-टे इतका का उद्ध्वस्त होतो, ते यावरून कळेल. तिने सगळ्या पायऱ्या ओलांडून त्याला थेट शेवटी नेऊन उभं केलं.

प्रश्न: तिसऱ्या भागात उन्मादाचा रुग्ण पळून जाऊन वडिलांच्या निवडणूक सभेत नाचतो आणि गांग-टे त्याला लगेच थांबवत नाही. हे बरोबर आहे का?

माणूस म्हणून समजतं, कर्मचारी म्हणून चुकीचं. क्वॉन गी-डो हा हुशार राजकारणी घराण्यातला 'नापास' मुलगा. त्याचं नाचणं ही आयुष्यभर न मिळालेल्या लक्षाची मागणी आहे, आणि क्वाक डोंग-यॉनने ते अप्रतिम केलं आहे. पण उन्मादात माणूस आनंदी दिसतो म्हणून तो सुरक्षित नसतो. तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटणं, सतत बोलणं, अंगावरचे कपडे काढणं, हाताला येईल तो पैसा उधळणं, भरधाव गाडी चालवणं, हे सलग आठवडाभर टिकलं किंवा रुग्णालयात न्यावंच लागलं, तर त्याला उन्मादाचा झटका म्हणतात. झटका ओसरल्यावर त्या काळातल्या कृत्यांची लाज माणसाला नैराश्यात ढकलते. सभेत पाहिलेला तो प्रकार लोक विसरणार नव्हते, आणि त्याला घेऊन जाण्यात झालेल्या उशिराची किंमत त्यालाच मोजावी लागली असती. या प्रसंगांवर कोरियात प्रेक्षकांच्या तक्रारीही गेल्या होत्या.

घरात कुणाला उन्मादावरचं लिथियम हे औषध सुरू असेल तर एवढं ध्यानात ठेवा. रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी तपासतात. मात्रा बदलली की पाच ते सात दिवसांनी पुन्हा. उलट्या-जुलाब, फार घाम, कमी पाणी किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे पातळी अचानक चढू शकते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या अशी लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता ताबडतोब रुग्णालय गाठा.

प्रश्न: ओके मनोरुग्णालयासारखी रुग्णालयं कोरियात खरंच असतात का? समुद्रकिनारी, बाग, सगळे मोकळे फिरतात!

सोंगजिन हे शहरच काल्पनिक आहे. रुग्णालयाचं वातावरणही बरंचसं इच्छापूर्तीचं. गांग-टेचं काम मात्र खरं आहे: कोरियन वॉर्डांत परिचारिकांच्या जोडीला असे कर्मचारी असतात, ज्यांचं काम रुग्णांना आवरणं, सोबत करणं, पडण्या-झडण्यापासून वाचवणं. मालिकेत हे काम अंगाला लागणाऱ्या माराइतकंच प्रामाणिकपणे दाखवलं आहे. त्याच्या अंगावरच्या जखमा कुणी विचारत नाही, हे तर खासच.

नियमांच्या बाबतीत मालिका सैल आहे. मून-यंगचा बाप त्या रुग्णालयात रुग्ण आहे आणि गांग-टे तिथला कर्मचारी. रुग्णाच्या मुलीशी प्रेमसंबंध असलेल्या कर्मचाऱ्याला त्या रुग्णापासून तरी दूर ठेवलं जायला हवं होतं. एका रुग्ण स्त्रीच्या माजी नवऱ्याला गांग-टे ठोसा लगावतो आणि निलंबित होतो, तेवढं एक ठिकाण नियमाला धरून आहे.

कोरियात जुना मानसिक आरोग्य कायदा 1995 चा. नातेवाइकांच्या संमतीवर माणसाला इच्छेविरुद्ध दाखल करणं त्यात फार सोपं होतं. घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये ती तरतूद राज्यघटनेशी विसंगत ठरवली. मे 2017 पासून नवा कायदा लागू झाला: जबाबदारी असलेल्या दोन नातेवाइकांची मागणी लागते, आणि दोन आठवड्यांपुढे ठेवायचं तर वेगवेगळ्या संस्थांमधल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांचं एकमत लागतं. मालिका 2020 ची आहे, त्यामुळे तिच्यात इच्छेविरुद्ध दाखल केलेल्या रुग्णामागे हा कागद आहे असं धरून पाहा. शिवाय कोरियन माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला बिचकतो, त्यात नोंदीचाही वाटा आहे. मानसिक आजारांचे निदान-कोड 'एफ' या अक्षराने सुरू होतात आणि ते विमा किंवा नोकरीच्या आड येतील अशी धास्ती असते. औषधाविना फक्त सल्ला घेणाऱ्यांची नोंद 'झेड' कोडखाली करण्याची सोय 2013 मध्ये झाली, ती याच भीतीमुळे.

प्रश्न: मुख्य परिचारिका पार्क हेंग-जा हीच मून-यंगची खुनी आई निघते. मला ते पटलंच नाही.

आम्हालाही नाही. चेहरा बदलून, वर्षानुवर्षं त्याच रुग्णालयात, नवऱ्याच्या जवळपास? जांग यंग-नाम यांचा अभिनय तो प्रसंग कसाबसा तोलून धरतो. त्याहून मोठी तक्रार ही की इतके भाग 'आजारी माणूस धोकादायक नसतो' हे शिकवून शेवटी रहस्यासाठी एक थंड डोक्याची खुनी आणावी लागली. मानसिक आजार असलेले लोक हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते, आणि मालिकेतले बाकी सगळे रुग्ण हेच दाखवतात.

प्रश्न: 2014 ची 'इट्स ओके, दॅट्स लव्ह' आधी पाहावी की ही? दोन्ही सारख्याच ना?

नावं सारखी, स्वभाव वेगळे. ती एसबीएस वाहिनीवर जुलै ते सप्टेंबर 2014 मध्ये आली, तीही 16 भागांची. लेखन नो ही-क्युंग यांचं. जो इन-संग रहस्यकथाकार आणि रेडिओ निवेदक, गोंग ह्यो-जिन मानसोपचारतज्ज्ञ. इथे निदान स्पष्ट आहे: नायकाला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्याचा चाहता म्हणून येणारा शाळकरी मुलगा हा भास आहे. ली क्वांग-सूने केलेला टुरेट सिंड्रोमचा (नकळत झटके येण्याच्या, आवाज निघण्याच्या विकाराचा) तरुण हे त्या मालिकेचं आणखी एक बळ. तो हसण्याचा विषय होत नाही.

आजार समजून घ्यायचा असेल तर 2014 ची आधी पाहा. औषधांचे दुष्परिणाम, थरथरणारे हात, लिहिता न येणं, गोळ्या टाळण्याचा मोह, हे तिथे दिसतं. दोन सवलती तिनेही घेतल्या आहेत. स्किझोफ्रेनियात बहुतेकांना आवाज ऐकू येतात. वर्षानुवर्षं एक आख्खा, सुसंगत माणूस दिसणं क्वचितच. आणि तो मुलगा सदैव अनवाणी का असतो, हे नायकाच्या ध्यानात येतं त्या दृश्यात भास बुद्धीने हरवल्यासारखा वाटतो. दृश्य विलक्षण आहे, तरी भ्रम तर्काने मोडत नाही हे घरच्यांनी पक्कं ठरवून टाकावं. 'असं कुणी नाहीच' म्हणून वाद घातला की माणूस दुरावतो. 'मला तो दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतंय' एवढंच म्हणा. औषधाचा पुरेसा परिणाम जोखायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करणं हे आजार उलटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

प्रश्न: सगळे नायिकेबद्दल बोलतात. मला गांग-टे बघून रडू आलं. माझ्या थोरल्या बहिणीचं सगळं मीच पाहते. आईचं वाक्य होतं, 'तू तिच्यासाठीच आहेस.' मला राग येतो आणि मग रागाची लाज वाटते.

तुमचं पत्र आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण आमच्या मते मालिका याच प्रश्नावर उभी आहे. गांग-टेच्या आईनेही त्याला हेच सांगितलं होतं: भावाला सांभाळायला तुला जन्म दिला. लहानपणी सांग-टे गोठलेल्या नदीत पडतो तेव्हा गांग-टे क्षणभर पळून जातो, मग परत येऊन उडी मारतो. तो एक क्षण तो आयुष्यभर स्वतःविरुद्ध वापरतो. पुढे रुग्णालयाच्या आवारात सांग-टे सगळ्यांसमोर ओरडतो की धाकट्याला मी मेलेला हवा होतो, तेव्हा गांग-टेला बोलताच येत नाही.

राग येणं हा प्रेम कमी असल्याचा पुरावा नाही. सुट्टी नसलेल्या कामाचा तो परिणाम आहे. झोप तुटणं, जेवणाची शुद्ध नसणं, बहिणीच्या हाकेने दचकणं, मैत्रिणींचे फोन टाळणं, काही महिने कशातच आनंद न वाटणं असं असेल तर स्वतःसाठी वेगळा तज्ज्ञ गाठा, तिच्या डॉक्टरांच्या भेटीतली उरलेली पाच मिनिटं नव्हे.

आणि काम वाटायला घ्या. एका कागदावर तुम्ही दोन दिवस नसाल तर लागेल ते सगळं लिहा: औषधांची नावं, मात्रा, वेळा, ती कशाने बिथरते, कशाने शांत होते, डॉक्टरांचा क्रमांक, ती काय खाते. कागद पूर्ण झाला की दुसऱ्या कुणाला एक दुपार सोपवा, मग एक दिवस, मग एक रात्र. दुसरीकडे, बहीण स्वतः काय करू शकेल ते तिलाच विचारून पंधरा दिवसांना एक काम तिच्याकडे द्या. इथे बहुतेक घरं पहिल्या चुकीला अडखळतात: एकदा गोळी विसरली की सांभाळणारा सगळं परत आपल्याकडे ओढतो. तसं करू नका. गोळ्यांचा सात खणांचा डबा आणा, गजर लावा, आणखी दोन आठवडे द्या. (चूक जिवावर बेतेल अशी औषधं यातून वगळा.)

मालिकेत नेमकं हेच घडतं. सांग-टे भिंतीचं चित्र काढून कमावतो, मोठा भाऊ म्हणून धाकट्याच्या हातावर खर्चाला पैसे ठेवतो, आणि गांग-टेचा चेहरा त्या नोटांकडे पाहताना लहान मुलासारखा होतो. पुढे सांग-टेच म्हणतो, मून गांग-टे हा मून गांग-टेचाच आहे. शेवटच्या भागात कॅम्पर व्हॅनमधल्या तिघांच्या सहलीतून तो मध्येच उतरतो, कारण त्याला चित्रकार म्हणून दुसरं काम मिळालं आहे. मोकळीक धाकट्याने मागितली नाही, थोरल्याने मोठं होऊन दिली. ओ जंग-से यांना या भूमिकेसाठी 2021 मध्ये कोरियातला बेक्सांग पुरस्कार मिळाला, तो या शांत प्रसंगांसाठी आहे असं आम्ही मानतो.

प्रश्न: मून-यंगची पुस्तकं खरी मिळतात म्हणे. सात वर्षांच्या मुलीसाठी घेऊ का?

मिळतात. मालिकेतली पाच चित्रपुस्तकं 2020 मध्ये कोरियात छापली गेली; चित्रं जामसान यांची. सात वर्षांच्या मुलीला सरसकट पाचही नकोत. 'झोंबी मूल'मध्ये आई भुकेल्या बाळाला स्वतःचे हातपाय खाऊ घालते. 'हात आणि मंकफिश' हे सगळं आयतं मिळून हातपाय वापरायला विसरलेल्या मुलाबद्दल आहे. ही दोन्ही पालकांनी आपापली वाचावीत. 'दुःस्वप्नं खाऊन वाढलेला मुलगा' दहा-अकरा वर्षांच्या पुढे. 'वसंतातला कुत्रा' साखळीला इतका सरावलेला आहे की ती तोडायची कशी हे तो विसरलाय. किशोरवयीन मुलं त्यावर आपणहून बोलू लागतात. तुमच्या मुलीसाठी पाचवं घ्या, हरवलेले चेहरे शोधायला निघालेल्या तिघांचं. आधी चित्रं दाखवून कुणाला काय वाटत असेल ते तिला ओळखू द्या आणि मजकूर नंतर वाचा.